रक्तात एम-प्रोटीन आढळल्यावर ताटात काय असावे?

एखाद्या नेहमीच्या तपासणीत रक्तात ‘एम-प्रोटीन’ सापडते, डॉक्टर ‘एमजीयूएस’ (प्लाझ्मा पेशींची, कर्करोगाआधीची पण बहुतेकांत पुढे न वाढणारी अवस्था) असे निदान लिहून देतात, औषध मात्र काहीच देत नाहीत. मग आता खावे काय आणि टाळावे काय, असे विचारणारी बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून पत्रलेखकाची ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

प्रश्न : माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या रक्ततपासणीत एकूण प्रोटीन जास्त निघाले आणि पुढच्या तपासणीत डेसिलिटरमागे १.१ ग्रॅम एम-प्रोटीन आढळले. रक्तविकारतज्ज्ञांनी हा एमजीयूएस आहे, उपचारांची गरज नाही, सहा महिन्यांनी दाखवा, असे सांगितले. मात्र ‘प्रोटीन वाढले आहे’ हे कानावर पडल्यापासून सासूबाईंनी त्यांच्या डाळी, अंडी आणि दूध पूर्ण बंद केले आहे. त्यांचे वजन चार किलोंनी घटले असून जिना चढतानाही ते थकतात. हे पथ्य बरोबर आहे का?

उत्तर : नाही. हे पथ्य आजच थांबवावे, आणि सासूबाईंना दोष न देता त्यामागचे कारण समजावून सांगावे, कारण हा गैरसमज अतिशय स्वाभाविक आहे व तो करून घेणाऱ्या त्या पहिल्या नाहीत.

आपण खातो ते प्रोटीन आतड्यात अमिनो आम्लांमध्ये मोडले जाते आणि त्या रूपात शोषले जाते. तपासणीत दिसलेले एम-प्रोटीन हे मात्र शरीरात तयार झालेले प्रतिपिंड आहे. अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात आणि वेगवेगळ्या जंतूंविरुद्ध वेगवेगळी प्रतिपिंडे बनवणे हे त्यांचे काम असते. त्यांपैकी एकाच पेशीची संतती वाढत गेली, की ती सारी पिलावळ एकसारखे एकच प्रतिपिंड बनवत राहते. रक्तातली प्रोटीने वेगळी करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीच्या आलेखात एरवी जेथे बसका, पसरट उंचवटा दिसतो, तेथे मग एक अरुंद, टोकदार सुळका उभा राहतो. तो सुळका म्हणजे एम-प्रोटीन. डाळीची वाटी काढून घेतल्याने त्या पेशींचे काम थांबत नाही. स्नायू मात्र झिजतात, आणि शस्त्रक्रिया तोंडावर असलेल्या ६८ वर्षांच्या माणसाचे स्नायू झिजणे ही एमजीयूएसपेक्षा अधिक तातडीची अडचण आहे.

शिवाय उपासमारीने अल्ब्युमिन हे रक्तातले प्रमुख प्रोटीनही उतरू शकते. शरीरात दाह वाढला तरी अल्ब्युमिन उतरते, आणि मल्टिपल मायलोमा या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाची पायरी ठरवताना तेच अल्ब्युमिन मोजले जाते. म्हणजे चुकीच्या पथ्यामुळे पुढच्या अहवालाचा अर्थ लावणेही विनाकारण अवघड होते. सासऱ्यांना मूत्रपिंडाचा वेगळा विकार असेल आणि त्यासाठी मूत्रपिंडतज्ज्ञांनी प्रोटीनचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर ते जरूर पाळावे. एमजीयूएससाठी तसे बंधन नाही. घटलेल्या वजनाची आणि थकव्याची कल्पना मात्र तज्ज्ञांना सहा महिने न थांबता द्यावी. कारण पथ्यच असण्याची शक्यता मोठी आहे, पण हिमोग्लोबिन पुन्हा पाहिल्याशिवाय तसे गृहीत धरू नये.

प्रश्न : माझे वय ५४ आहे, वजन जास्त आहे आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे डॉक्टर सांगतात. वर्षभरापूर्वी एमजीयूएसचे निदान झाले. ‘शरीरातील दाहामुळे याचा कर्करोग होतो’ असे मी अनेक ठिकाणी वाचले. मला ताप नाही, सूज नाही, कुठे दुखत नाही. मग हा दाह नेमका कोणता, आणि त्याचा माझ्या रक्ताशी काय संबंध?

उत्तर : आधी आपण कोठे उभे आहात ते पाहू. एमजीयूएस म्हणजे एम-प्रोटीन डेसिलिटरमागे ३ ग्रॅमपेक्षा कमी, अस्थिमज्जेत त्या एका कुळातल्या प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि हाडे, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन व कॅल्शियम यांना त्यामुळे कोणतीही इजा नाही. हे नाव अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रॉबर्ट काइल यांनी १९७८ मध्ये दिले. पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांत ही अवस्था आढळते आणि बहुतेकांना ती असल्याचे कळतही नाही. तिचे रूपांतर मल्टिपल मायलोमात किंवा तत्सम विकारात होण्याचा धोका वर्षाला साधारण १ टक्का असतो. काइल यांच्याच गटाने १,३८४ रुग्णांचा कित्येक दशके पाठपुरावा केला, तेव्हा त्यांतील ११ टक्क्यांच्या बाबतीत असे रूपांतर झाले. बाकीच्यांच्या आयुष्यात ते घडलेच नाही. तेव्हा ‘याचा कर्करोग होतो’ हे विधान आपल्यासारख्या बहुसंख्यांच्या बाबतीत खरे नाही.

आता दाहाकडे वळू. जखम झाल्यावर येणारी लाली, सूज आणि ठणका हा तीव्र दाह असतो, आणि तो काम आटोपून निघून जातो. आपण वाचले तो दाह मंद आणि दीर्घकालीन असतो व तो जाणवत नाही. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी हे त्याचे एक मोठे उगमस्थान आहे. ही चरबी म्हणजे नुसते कोठार नसते. तिच्यात रोगप्रतिकारक पेशी शिरून बसतात, आणि तेथून इंटरल्यूकिन-६ सारखे संदेशवाहक रेणू रक्तात सुटत राहतात. यकृत त्या संदेशाला प्रतिसाद म्हणून सीआरपी हे दाहाची खूण असलेले प्रोटीन बनवते. आपल्या अहवालात तो आकडा दिसत असेल.

प्लाझ्मा पेशींच्या दृष्टीने हे महत्त्वाचे ठरते, कारण इंटरल्यूकिन-६ हे त्यांच्या वाढीचे आणि तग धरण्याचे एक प्रमुख साधन आहे. अस्थिमज्जेत शेजारी असलेल्या आधारपेशी ते पुरवतातच. बाहेरून त्यात भर पडत राहिली, तर वेड्यावाकड्या कुळाला ती सोयीची ठरू शकते. वजन आणि रक्तशर्करा वाढलेल्या माणसात इन्सुलिनची पातळीही चढी असते, आणि इन्सुलिनच्या जातकुळीतला आयजीएफ-१ हा रेणूही मायलोमाच्या पेशींना जगवतो. उलट ॲडिपोनेक्टिन हा चरबीतूनच स्रवणारा, दाह शमवणारा रेणू लठ्ठपणात कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अतिरिक्त चरबीशी संबंध असलेल्या १३ कर्करोगांची यादी केली, तीत मल्टिपल मायलोमाचा समावेश आहे. येथे एक बारकावा आहे. वजन आणि एमजीयूएस *असणे* यांतला संबंध अभ्यासागणिक बदलतो. वजन आणि एमजीयूएसचे मायलोमात *रूपांतर होणे* यांतला संबंध त्या मानाने अधिक ठळकपणे दिसला आहे. पहिली ठिणगी, म्हणजे पेशीतील गुणसूत्रांचा मूळ बिघाड, निदानाच्या अनेक दशके आधी पडलेली असते. तेव्हाचे ताट आता बदलता येत नाही, आणि आजचे ताट तो बिघाड पुसू शकत नाही. भोवतालची परिस्थिती त्या पेशींना किती मानवावी, एवढ्यापुरताच आहाराचा प्रश्न उरतो.

आणखी एक धागा आतड्यांतून येतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, मायलोमा होण्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांच्या आतड्यांत प्रिव्होटेला जातीचा एक जीवाणू वाढला, की इंटरल्यूकिन-१७ बनवणाऱ्या पेशी आतड्यात तयार होऊन अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतात आणि रोगाला गती देतात, असे दिसले. याउलट तंतुमय अन्नावर जगणारे जीवाणू ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवतात, आणि ते आतड्याच्या अस्तराचे पोषण करते व दाहाला आवर घालणाऱ्या पेशींना बळ देते. आतड्यात काय पोहोचते त्याचा परिणाम हाडाच्या पोकळीपर्यंत कसा जाऊ शकतो, याचे हे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे.

पटण्याजोगे असणे आणि सिद्ध होणे यांत मात्र अंतर असते. ते दाखवणारा एक प्रयोग झालेला आहे. एमजीयूएसच्या पुढची पायरी असलेल्या स्मोल्डरिंग मायलोमाच्या रुग्णांना इंटरल्यूकिन-६ ला थेट अडवणारे सिल्टुक्सिमॅब हे औषध देऊन पाहिले गेले. कागदावर सगळे जुळत होते. प्रत्यक्षात थोडा कल अनुकूल दिसला, पण चाचणीने आधी ठरवलेली कसोटी ते औषध पार करू शकले नाही. एका रेणूभोवती गुंफलेली कोणतीही सुबक गोष्ट ऐकताना हा निकाल आठवावा, असे मला वाटते.

प्रश्न : पूर्ण वनस्पतिजन्य आहाराने हा विकार मागे फिरवता येतो, असा एक व्हिडिओ आमच्या नात्यातल्या गटात फिरतो आहे. त्यात न्यूयॉर्कच्या रुग्णालयातील संशोधनाचा हवाला दिला आहे. त्यात तथ्य किती?

उत्तर : संशोधन खरे आहे, व्हिडिओतला दावा त्याच्या बराच पुढे गेला आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये डॉ. उर्वी शाह यांच्या नेतृत्वाखाली ही चाचणी झाली. तीत एमजीयूएस किंवा स्मोल्डरिंग मायलोमा असलेले आणि वजन वाढलेले २० जण सहभागी झाले होते. त्यांना १२ आठवडे फळे, भाज्या, कडधान्ये, अखंड धान्ये आणि तेलबिया यांवर आधारलेले जेवण पुरवले गेले आणि २४ आठवडे मार्गदर्शन देण्यात आले. किती खायचे यावर बंधन नव्हते. भूक भागेपर्यंत खाण्याची मुभा होती. तरीही १२ आठवड्यांत सरासरी वजन ७ ते ८ टक्क्यांनी घटले. इन्सुलिनला शरीर अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागले, दाहाच्या काही खुणा उतरल्या, आतड्यांतील जीवाणूंची विविधता सुधारली. ज्यांचे एम-प्रोटीन आधीपासून चढत चालले होते अशा दोघांच्या आलेखाचा चढ सौम्य झाला. जोडीला केलेल्या उंदरांवरील प्रयोगात तंतुमय अन्न भरपूर मिळालेल्या उंदरांना मायलोमा उशिरा झाला आणि काहींना झालाच नाही.

हे सारे आशादायक आहे, आणि त्याला क्षुल्लक म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु सहभागी २० होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सुधारणा वनस्पतिजन्य अन्नामुळे झाली, वजन उतरल्यामुळे झाली, की प्रक्रिया केलेले पदार्थ आणि गोड पेये सुटल्यामुळे झाली, हे अशा रचनेतून वेगळे काढता येत नाही. ‘दोघांचा चढ सौम्य झाला’ हे वाक्य व्हिडिओपर्यंत पोहोचता पोहोचता ‘रोग मागे फिरला’ असे झाले असावे.

मोठी चाचणी लगेच का होत नाही, असा प्रश्न वाचकांना पडेल. वर उल्लेख केलेला वर्षाला १ टक्का हा आकडा येथे आडवा येतो. आहार बदललेल्या शंभर जणांपैकी वर्षभरात नव्व्याण्णव जणांना मायलोमा होणार नाही. आहार न बदललेल्या शंभरांतही जवळपास तेवढ्याच जणांना तो होणार नाही. हा फरक पकडायचा तर हजारो माणसे अनेक वर्षे एकच आहार पाळत असली पाहिजेत, आणि औषधाची गोळी मोजता येते तसे ताट मोजता येत नाही. म्हणून संशोधक वजन, इन्सुलिन, जीवाणू, एम-प्रोटीनचा आलेख अशा मधल्या खुणांवर भिस्त ठेवतात. याच कारणाने ‘मी अमुक आहार घेतला आणि मला कर्करोग झाला नाही’ या साक्षीला पुरावा म्हणता येत नाही. सांगणारा खोटे बोलत नसतो, पण तो आहार न घेताही बहुधा तसेच घडले असते.

आपल्या घरात कोणाला हा आहार मनापासून करून पाहायचा असेल, तर माझा विरोध नाही. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांच्यासाठी त्याचा उपयोग चांगला नोंदला गेला आहे, आणि एमजीयूएस असलेल्या बहुतेकांच्या आयुष्याला खरा धोका मायलोमापेक्षा याच आजारांचा असतो. मांस, अंडी आणि दूध पूर्ण सोडणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी मात्र घ्यायलाच हवी. एमजीयूएसमध्ये, विशेषतः एम-प्रोटीन आयजीएम या प्रकारचे प्रतिपिंड असते तेव्हा, कधीकधी नसांना इजा होऊन तळपाय बधिर होतात, आणि बी-१२ च्या अभावानेही तळपाय बधिर होतात. दोन्ही एकाच माणसात एकत्र आले, तर कारण शोधताना डॉक्टरांची निष्कारण दमछाक होते.

प्रश्न : दाह कमी करण्यासाठी कर्क्युमिनच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क आणि एक ‘इम्युनिटी वाढवणारे’ चूर्ण मी घेते. नैसर्गिक असल्याने नुकसान तर नाही ना?

उत्तर : कर्क्युमिनवर एमजीयूएस आणि स्मोल्डरिंग मायलोमामध्ये छोटे अभ्यास झाले आहेत, काही रुग्णांत आकडे थोडे उतरल्याच्या नोंदीही आहेत, पण त्यावरून कोणाला सल्ला द्यावा एवढी त्यांची ताकद नाही. स्वयंपाकात पडणारी चिमूटभर हळद आणि शोषण वाढवण्यासाठी मिरीचा अर्क मिसळलेली कॅप्सूल यांत फार फरक आहे. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत, आणि ग्रीन टीच्या तीव्र अर्काबाबतही तसेच आहे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आणखी सावध राहावे. ग्रीन टीतील ईजीसीजी हा घटक बोर्टेझोमिब या मायलोमावरील औषधाला बांधून निष्प्रभ करतो, असे प्रयोगशाळेत आणि प्राण्यांत दिसले आहे. आज आपल्याला ते औषध लागत नाही, तरी उद्या कोणताही उपचार सुरू झाला तर या कॅप्सूलची यादी डॉक्टरांपासून लपवू नये.

चूर्णाबद्दल त्यात काय आहे हे कळल्याशिवाय बोलता येत नाही, आणि डब्यावर ते स्पष्ट लिहिलेले नसेल तर घेऊ नये. एवढे मात्र सांगतो, की मुळात प्रतिकारशक्तीच्याच पेशींचे एक कूळ हाताबाहेर गेलेले असताना प्रतिकारशक्ती सरसकट ‘वाढवण्याची’ कल्पना मला कधी नीट उमगलेली नाही.

प्रश्न : मी पन्नाशीत आहे. निदानानंतर तीन महिने साखर, तळलेले आणि मैद्याचे पदार्थ पूर्ण सोडले, रोज चालतो, वजन पाच किलोंनी कमी झाले. सीआरपी निम्म्यावर आला, पण एम-प्रोटीन ०.९ वरून १.१ झाले. मन खचले आहे. हे सगळे वाया गेले का?

उत्तर : वाया गेलेले नाही, आणि आपला विकार वाढला असेही या आकड्यावरून म्हणता येत नाही. एम-प्रोटीनचे प्रमाण आलेखावरच्या सुळक्याची कड ठरवून काढले जाते. ती कड तंत्रज्ञ आणि यंत्र किंचित इकडे-तिकडे धरतात, आणि शरीरातील पाण्याच्या कमीअधिक प्रमाणानेही आकडा हलतो. एम-प्रोटीनची वाढ खरी मानण्यासाठी तज्ज्ञ साधारणपणे निदान २५ टक्के आणि शिवाय किमान ०.५ ग्रॅम वाढ झाली आहे का, ते पाहतात. आपली वाढ ०.२ ग्रॅम आहे. तपासणी दर वेळी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी.

सीआरपीचेही तसेच आहे. साधी सर्दी किंवा हिरडीचा संसर्ग झाला तरी तो चढतो. तो उतरला याचा आनंद जरूर माना, पण एमजीयूएसचा धोका मोजताना तो धरलाच जात नाही. तेथे तीन गोष्टी पाहतात : एम-प्रोटीन १.५ ग्रॅम किंवा अधिक आहे का, ते आयजीजी या प्रतिपिंडाच्या प्रकाराऐवजी अन्य प्रकारचे आहे का, आणि रक्तात सुट्या फिरणाऱ्या प्रतिपिंडांच्या तुकड्यांचे, म्हणजे फ्री लाइट चेनचे, गुणोत्तर बिघडले आहे का. तिन्हींची उत्तरे ‘नाही’ असतील, तर २० वर्षांत रूपांतर होण्याचा धोका ५ टक्क्यांच्या आसपास असतो. तिन्हींची ‘हो’ असतील, तर तो ५८ टक्क्यांपर्यंत जातो. आपल्या पत्रात पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आहे. उरलेली दोन उत्तरे पुढच्या भेटीत विचारून घ्यावीत, कारण तपासणी वर्षाला करायची की दोन-तीन वर्षांनी, हे त्यांवर ठरते.

आहार चालू ठेवा, पण एम-प्रोटीनला त्याची गुणपत्रिका मानू नका. वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब आणि तीन महिन्यांची सरासरी साखर त्यासाठी अधिक प्रामाणिक आहेत. आणि पाच किलो उतरवल्यावर आता आणखी किती उतरवायचे हे वजनकाट्यावर न सोडता डॉक्टरांशी बोलून ठरवा. एमजीयूएसमध्ये हाड मोडण्याचा धोका थोडा वाढलेला असतो, त्यामुळे प्रोटीन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसे मिळायला हवे, आणि चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा हलका व्यायाम हवा. प्रयत्न न करता वजन घटू लागले, पाठीचे किंवा बरगडीचे दुखणे आठवडाभरानंतरही हटेना, लघवीला सतत फेस येऊ लागला, दम लागू लागला किंवा वारंवार संसर्ग होऊ लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रक्तविकारतज्ज्ञांकडे जावे.